फिरतीवर असताना साध्या हॉटेलात काय मागवावं, कधी जेवावं आणि बिल कसं घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: महिन्यातले दहा-बारा दिवस कामानिमित्त फिरती, मुक्काम जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी, जेवण लॉजशेजारच्या साध्या हॉटेलात, तेही बहुधा एकट्याने आणि रात्री साडेनऊनंतर. वर्षभरात वजन वाढलं, आम्लपित्त मागे लागलं, दोनदा पोट बिघडलं, आणि ऑफिसात जेवणाची बिलं परत येतात. बाहेर खाणं टाळता येत नाही, मग कसं खावं?

डबा न्या, फळं खा, हा सल्ला फिरतीवरच्या माणसाला द्यायचा नसतो. तो हॉटेलातच जेवणार. त्यामुळे हॉटेलचं स्वयंपाकघर चालतं कसं, हे आधी समजून घ्या. मेन्यूकार्डावर दीडशे पदार्थ असले तरी आत रोज खपणारे पदार्थ पंधरा-वीसच असतात. जे खपतं ते ताजं असतं. जे खपत नाही ते फ्रीजमध्ये, नाहीतर कालच्या पातेल्यात असतं. कुठे बसायचं, किती वाजता बसायचं आणि काय मागवायचं, ही तिन्ही उत्तरं खपावरून निघतात.

आधी जागा. ‘ट्रक जिथे थांबतात तिथे जेवण चांगलं’ हे अर्धंच खरं आहे. ट्रकवाला पार्किंगची जागा, आंघोळीचं पाणी आणि खाट बघूनही थांबतो. गावात असाल तर दुपारी दीड वाजता बँकेचे, तहसीलचे, कोर्टातले लोक आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधी कुठे जेवतात ते बघा. हे लोक आठवड्यातून चार-पाच वेळा तिथेच येतात, आणि जेवण बिघडलं की दुसऱ्या दिवशी समोरच्या हॉटेलात जातात. मालकाला हे पक्कं माहीत असतं. उलट बस जिथे ठरवून थांबते त्या हायवेवरच्या हॉटेलाला हेच गिऱ्हाईक उद्या परत येणार नाही हे ठाऊक असतं. तिथे रश्शाच्या, ग्रेव्हीच्या भानगडीत पडू नका. समोर कढईतून निघणारं काहीतरी, उकडलेली अंडी, केळी, चहा, एवढ्यावर भागवा.

आत शिरल्यावर हात धुवायला जा, टेबलावर नंतर बसा. बेसिनजवळ साबण आहे का, मोरीला वास येतो का, हे दहा सेकंदांत कळतं. मग टेबल पुसणाऱ्याचं फडकं बघा. आंबूस वास येणारं फडकं सगळ्या टेबलांवरून फिरत असेल तर तेच ताटांवरूनही फिरत असतं. भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक लावलेला असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना आहे, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. १ जानेवारी २०२२पासून हा क्रमांक बिलावरही छापावा लागतो. क्रमांक आहे म्हणजे स्वयंपाकघर स्वच्छ आहे असं नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर तो लागतो, म्हणून बिलाचा फोटो काढताना तो फोटोत येऊ द्या.

आता वेळ. साध्या हॉटेलात सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला तयारी सुरू होते: कांदा-टोमॅटो चिरणं, डाळ शिजवणं, ग्रेव्ही उकळणं, कणीक मळणं. साडेबारा ते पावणेदोन ही जेवायची सगळ्यात चांगली वेळ. भाज्या नुकत्या उतरलेल्या असतात आणि पातेली भराभर रिकामी होत असतात. पावणेतीननंतर राईस प्लेट मागवू नका. तीच भाजी तीन तास झाकून ठेवलेली असते, आणि शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे रेंगाळलं की जंतू झपाट्याने वाढतात. नीट चालणाऱ्या हॉटेलात पातेलं मंद आचेवर किंवा गरम पाण्याच्या टाकीत ठेवलेलं असतं. बाकीच्या ठिकाणी ते नुसतंच ओट्यावर असतं. वाढलेल्या वाटीतून वाफ येत नसेल तर गरम करून मागा. उसळीवर बारीक बुडबुडे दिसत असतील किंवा आंबूस वास येत असेल तर मात्र गरम करूनही खाऊ नका. कडधान्यं, बटाटा आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण ही मंडळी सगळ्यात आधी विटतात. उडपी हॉटेलातल्या चटणीचंही तेच. सकाळची खोबऱ्याची चटणी चार वाजता आंबट लागली तर ती बाजूला सारा आणि सांबारावर भागवा. सांबार उकळलेलं असतं, त्यात चिंच असते, ते तग धरतं.

साडेतीन ते साडेसहा ही हॉटेलची मेलेली वेळ. तंदूर विझलेला किंवा मंद असतो, वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, झोपलेला असतो, हाताखालचा पोरगा जे उरलंय ते गरम करून देतो. तेव्हा भूक लागलीच तर डोसा, उत्तप्पा, ऑम्लेट असं तव्यावरचं मागवा. संध्याकाळी तंदूर नीट तापायला तासभर लागतो. सात वाजता मागवलेली रोटी पांढरट, कच्ची निघते ती त्यामुळे. आठ ते नऊ ही रात्रीची चांगली वेळ. साडेदहाच्या पुढे ‘लास्ट ऑर्डर’ची घाई असते, तंदूर बंद करायला घेतलेला असतो. गाडी उशिरा पोचणार असेल तर लॉजवाल्याकडून हॉटेलचा फोन नंबर घ्या आणि साधी ऑर्डर आधीच सांगून ठेवा.

मूळ दुखणं ग्रेव्हीत आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त थांबतो. पंजाबी म्हणून जे काही मिळतं ते बहुतेक तीन-चार पातेल्यांतून येतं. एक तपकिरी: तळलेला कांदा, टोमॅटो, आलं-लसूण. एक लाल, मखनी: टोमॅटो, काजू किंवा मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), बटर. एक पांढरी: उकडलेला कांदा, काजू, मगज. आपल्याकडे चौथी असते ती भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाची. व्हेज कोल्हापुरी, व्हेज हंडी, व्हेज जयपुरी, व्हेज कढाई यांत गाजर, फरसबी, मटार, फ्लॉवर त्याच. पातेलंही बहुतेक तेच. कोल्हापुरीत तिखट जास्त आणि वर एक सुकी मिरची, जयपुरीवर तळलेला पापड, कढाईत ढोबळी मिरची आणि भरडलेले धणे. चार जण चार भाज्या मागवतात आणि ‘सगळ्यांची चव एकच’ म्हणतात, त्याचं कारण हे.

ग्रेव्ही पातेल्यातच तेलात परतून ठेवलेली असते. वरचा तेलाचा थर ती कोरडी पडू देत नाही, आणि ती टिकते असाही स्वयंपाकघरात समज आहे. म्हणून ‘तेल कमी टाका’ हे सांगणं जवळजवळ वाया जातं. पातेल्यात गेलेलं तेल वस्ताद काढू शकत नाही. त्याच्या हातात असतं ते फक्त शेवटी वरून पडणारं: बटर, क्रीम, तर्री, वरची फोडणी. म्हणून वेटरला नेमकं सांगा: ‘वरून बटर नको, क्रीम नको, तर्री नको.’ भाजी आल्यावर दोन मिनिटं न ढवळता ठेवा, वाटी किंचित कलती करा आणि वर आलेलं तेल चमच्याने ताटाच्या कडेला काढा. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल, सुमारे १२० कॅलरींचं असतं. फुल प्लेट भाजीत असे तीन-चार चमचे सहज असतात, त्यातला दीड-दोन चमचे या युक्तीने निघतो.

‘तिखट कमी’ हेही जपून सांगा. मिरची आधीच पातेल्यात आहे. कमी करायची म्हणजे वस्ताद त्यात काजूची पेस्ट, क्रीम किंवा चिमूटभर साखर घालतो. भाजी सौम्य लागते, पोटाला मात्र जास्त जड होते. ज्याला तिखट सोसत नाही त्याने मुळातच तिखट नसलेले पदार्थ मागवावेत.

मग पातेल्यातल्या ग्रेव्हीला हात न लावता काय होतं? भेंडी फ्राय, जिरा आलू, मेथी किंवा पालकाची सुकी भाजी, पिठलं, अंडा बुर्जी, साधं वांग्याचं भरीत, आणि डाळ. डाळीच्या बाबतीत दोन नावांतला फरक लक्षात ठेवा. दाल फ्राय म्हणजे कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात परतलेली डाळ. दाल तडका म्हणजे शिजलेल्या डाळीवर शेवटी ओतलेली फोडणी. तडक्याची फोडणी वेगळ्या वाटीत मागता येते किंवा निम्मी करायला सांगता येते, म्हणून फिरतीवरच्या माणसाला तडका बरा. (काही ठिकाणी दोन्ही नावांनी एकच डाळ येते. तिथे वाद घालून उपयोग नाही.) आणखी एक वाट म्हणजे ‘जैन’ करून मागणं. पातेल्यातल्या ग्रेव्हीत कांदा-लसूण असतो, त्यामुळे जैन भाजी बऱ्याचदा वेगळी, ताजी करावी लागते. वेळ पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतो. पण पनीरची किंवा काजूची जैन भाजी मागवू नका, ती काजू-क्रीमवरच उभी असते. जैन सुकी भाजी किंवा जैन डाळ मागवा.

पनीरबद्दल लोक फार विचारतात. दुधातली चरबी काढून तिच्या जागी वनस्पती तेल घातलेलं ‘अ‍ॅनालॉग’ बाजारात मिळतं आणि ते खऱ्या पनीरपेक्षा स्वस्त असतं. टेबलावर आयोडीनचे थेंब टाकून बघण्याची टूम आहे, पण आयोडीनने फक्त स्टार्च कळतो. स्टार्च नसलेलं अ‍ॅनालॉग निळं पडत नाही, मग फसगत होते. बोटाने दाबल्यावर रबरासारखं उसळी मारतं, दुधाची चव लागत नाही, तोंडाला मेणचट थर चढतो, एवढ्या खुणा पुरेशा. साध्या हॉटेलात पनीर शोधत बसण्यापेक्षा प्रथिनांसाठी डाळ, दही आणि चालत असतील तर अंडी घ्या. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि अंड्यात भेसळ करणं कुणाला परवडत नाही.

भडक लाल रंगाचं मंचुरियन, तंदुरी, कबाब टाळा. मिरचीचा रंग विटकरीकडे झुकतो. चमकणारा गुलाबी-लाल रंग बाटलीतला असतो. कर्नाटक सरकारने मार्च २०२४मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली ती नमुन्यांमध्ये घातक रंग सापडल्यावर. ऱ्होडामाइन-बीसारखा रंग तर खाण्यात वापरायला परवानगीच नाही. तळलेल्या पदार्थांत तेलाचा प्रश्न असतो. नियमाप्रमाणे तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं (तेल परत परत तापवल्याने तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल फेकायला हवं. ती मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसतं. पण काळपट, फेसाळणारं, कढईतून डोळ्यांना झोंबणारा धूर सोडणारं तेल ओळखायला यंत्र लागत नाही.

रोटी एकेक करून मागवा. हॉटेलच्या तंदुरी रोटीत कणकेबरोबर मैदाही बऱ्याचदा असतो. गरम असताना मऊ लागते, पाच मिनिटांत वातड होते. तीन एकदम आल्या तर तिसरी चावत बसावी लागते आणि ती जावी म्हणून भाजी जास्त खाल्ली जाते. चपाती म्हणून जी येते ती अनेक ठिकाणी सकाळी अर्धी भाजून थप्पी लावलेली असते आणि तेल लावून परत गरम केलेली असते. ज्वारी-बाजरीची भाकरी मिळत असेल तर ती घ्या. भाकरी थापून ठेवता येत नाही, शिळी लगेच कडक होते, म्हणजे ताजी आहे की नाही हे बोटालाच कळतं.

भात वेगळ्या कारणासाठी सांभाळायचा. भाताचं मोठं पातेलं एकदा उतरवलं की त्यातूनच साधा भात, जिरा राईस, पुलाव, फ्राइड राईस निघतात. भातात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात तासन् तास कोमट राहिला तर ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि हे विष परत गरम केल्याने जात नाही. म्हणून ‘परतून देतोय ना, मग काय होतंय’ हे भाताला लागू नाही. सकाळी हॉटेल उघडल्या उघडल्या फ्राइड राईस मागवू नका, तो बहुतेक कालच्या भाताचा असतो. दुपारी साडेबाराचा साधा वाफाळता भात निर्धास्त खा.

मांसाहार करत असाल तर वार बघा. महाराष्ट्रात बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटण-चिकनचे दिवस. सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी कुणाचा ना कुणाचा वार असतो. श्रावणात, संकष्टीला, एकादशीला तर खप आणखी खाली येतो. खप कमी म्हणजे कालचं मटण आज. मटण सकाळी एकदाच शिजवतात, म्हणून ते दुपारी खावं. चिकन आधी उकडून फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं आणि ऑर्डरप्रमाणे ग्रेव्हीत टाकतात. ‘गावरान’ म्हणून सांगितलेलं कोंबडं दहा मिनिटांत टेबलावर आलं तर ते आधीच शिजलेलं तरी आहे किंवा गावरान तरी नाही. खरं गावरान मऊ व्हायला पाऊण तास सहज लागतो. मासे कोकणात, गोव्यात खा, आणि कार्ड न बघता ‘आज काय आलंय?’ असं विचारून खा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात सुरमई-पापलेट मिळालं तर ते बर्फातलं आहे असं धरून चाला. खाडीचे, नदीचे मासे आणि सुकट-बोंबील तेव्हा बरे.

रात्रीच्या जेवणाला एकट्या माणसासाठी दाल खिचडीइतकं सोयीचं काही नाही. डाळ आणि भात तयार असतो, आठ-दहा मिनिटांत गरम येते, वाया जात नाही. ‘फोडणी कमी, तूप वेगळ्या वाटीत’ असं सांगा आणि बरोबर दही घ्या. मसालेवाली खिचडी मागवलीत तर पुन्हा तपकिरी पातेलं आलंच. दुसरा पर्याय म्हणजे दोन अंड्यांचं पूर्ण भाजलेलं ऑम्लेट आणि दोन रोट्या. हाफ फ्राय नको. शाकाहारी उडपी हॉटेल उघडं असेल तर साधा डोसा किंवा दहीभात. आम्लपित्ताचं दुखणं पदार्थापेक्षा वेळेचं जास्त असतं. दहा वाजता जेवून सव्वादहाला लॉजच्या पलंगावर आडवं झालात तर कुठलाही पदार्थ घशाशी येणारच. जेवण आणि झोप यांत किमान दोन, शक्यतो तीन तास हवेत. तेवढे मिळणार नसतील तर संध्याकाळी सहा-सातला उडपीत इडली किंवा उत्तप्पा खाऊन घ्या आणि रात्री दूध-केळं किंवा दही-भात एवढंच. जेवणाआधी आलेलं मसाला पापड आणि लोणचं हे भूक नसताना जाणारं मीठ-तेल आहे. तेही परत पाठवता येतं, कुणी रागावत नाही.

प्रमाणाचं गणित सोपं आहे. पंजाबी भाजीची फुल प्लेट दोन जणांची असते. हाफ मिळते का हे विचारा. हाफचा दर निम्मा नसतो, बराच जास्त असतो, पण उरलेली भाजी ‘पैसे दिलेत’ म्हणून संपवण्यापेक्षा ते परवडतं. कार्डावर हाफ छापलेली नसली तरी डाळ-भाताची हाफ बहुतेक ठिकाणी देतात. दुपारी एकट्याला राईस प्लेट उत्तम. त्यात दोन भाज्या, वरण किंवा आमटी आणि भात आलाच. अमर्याद थाळी मात्र फिरतीवर रोज नको. पहिल्या वाढपात सगळं थोडं थोडं घ्या, आणि गोडाच्या वाटीचं आधीच ठरवा.

पाण्याबद्दल: बाटली घेतलीत तर सील स्वतः तोडा. हॉटेलात बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये बसून जेवायच्या हॉटेलांना तशी मुभा दिलेली आहे, म्हणून त्यावरून भांडू नका. बर्फ, आधी चिरून ठेवलेलं सॅलड, पाणी घातलेलं ताक आणि हिरवी चटणी, या चौघांत नळाचं पाणी असतं. लोक बाटलीचं पाणी पितात आणि सॅलडमधून नळाचं खातात. अख्खी काकडी, कांदा आणि लिंबू समोर कापून मागा.

प्रांताप्रमाणे थोडं बदलतं. नागपुरात सावजी जेवणात मटणाचे तुकडे खा, रस्सा भाताला लागण्यापुरता घ्या, वाटी तोंडाला लावू नका. खानदेशात शेवभाजीची तर्री वेगळी मागा आणि शेव शेवटी घाला. मिसळीलाही हाच नियम, विशेषतः दिवसभर मीटिंग असेल तर. हुबळी-धारवाडकडच्या खानावळी फिरतीवरच्या माणसासाठी उत्तम: पातळ ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. सांगली-कोल्हापूर भागात अख्खा मसूर मिळतो. तो पोटभरीचा आणि प्रथिनांचा, फक्त वरच्या तेलावर चमचा फिरवून घ्या.

आता बिल. ऑफिसातून बिल परत येण्याची कारणं ठरावीक असतात. केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात गेलेली ऑर्डरची चिठ्ठी, हे बिल नव्हे. यूपीआयचा स्क्रीनशॉटही बिल नव्हे. बिलावर हॉटेलचं नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, पदार्थ आणि १५ अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गुजरात २४, गोवा ३०. साध्या रेस्टॉरंटला १५ नोव्हेंबर २०१७पासून ५ टक्के जीएसटी आहे, एसी असो वा नसो. बिलात तो अडीच-अडीच टक्के असा केंद्र आणि राज्य यांत विभागलेला दिसतो. कंपनी पुण्याची आणि जेवण हुबळीत असलं तरी आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर, लागत नाही, कारण जेवणाची सेवा जिथे दिली तेच तिचं ठिकाण धरतात. अकाउंट्समधले यावरून बिल अडवतात तेव्हा हे सांगा. जेवणावरच्या कराचा परतावा कंपनीला सहसा मिळतही नाही, तेव्हा बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकून घेण्यासाठी काउंटरवर वीस मिनिटं घालवू नका. कंपनीचा नियमच असेल तर मात्र जेवायला बसतानाच सांगा. छापलेलं बिल बदलायला कुणी राजी नसतं. मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये, जिथे खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर आहे, १८ टक्के लागू शकतात.

कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरणारं, छोटं हॉटेल गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊच शकत नाही, आणि बिलावर त्याने तसं लिहायला हवं. त्याचं बिल कर न दाखवता आलं तरी ते बरोबर आहे, ‘अपूर्ण’ म्हणून परत करू नये. शंका आली तर जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की करदाता नियमित आहे की कंपोझिशनमधला, हे दिसतं.

सेवाशुल्क ही वेगळी गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते आपोआप बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना वैध ठरवल्या. फरक किती पडतो ते बघा: ४०० रुपयांच्या जेवणावर ५ टक्के कर धरून ४२० होतात. १० टक्के सेवाशुल्क लावलं की ४४०वर कर बसतो आणि ४६२ होतात. काढायला सांगा. नाही काढलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वेटरला जे द्यायचं ते रोख, त्याच्या हातात द्या. बिलाचा कागद थर्मल असतो, खिशातल्या उष्णतेने फिका पडत जातो, म्हणून काउंटरवरच फोटो काढा. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. ती घेतलीच तर वेगळं बिल करून घ्या, नाहीतर त्या एका ओळीपायी सगळं जेवण नामंजूर होतं.

एवढं करूनही पोट बिघडलं तर आधी वेळ मोजा. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा अन्नात आधीच तयार झालेलं विष आहे. ते बहुतेकदा दिवसभरात ओसरतं. बारा तास ते दोन-तीन दिवसांनी ताप, जुलाब लागले तर जंतूंचा संसर्ग. तो शेवटच्या जेवणाचाच असेल असं नाही, परवाच्या गावचाही असू शकतो, म्हणून उगाच समोरच्या हॉटेलवाल्याला धरू नका. औषधाच्या दुकानातून डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली ओआरएसची पुडी घ्या, गोड पेयाचा डबा घेऊ नका. पुडी १ लिटरची आहे की २०० मिलीची हे वाचा. लिटरची पुडी ग्लासात घातली तर मीठ पाचपट होतं आणि त्रास वाढतो. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं फेका. पुडी मिळाली नाही तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ, घोट घोट घ्या. जुलाब थांबवायची गोळी ताप असताना किंवा शौचातून रक्त जात असताना घेऊ नका. रक्त दिसलं, ताप उतरेना, पाणीही पोटात ठरेना किंवा सात-आठ तास लघवी झाली नाही, तर दुसऱ्या दिवशीची मीटिंग सोडा आणि लॉजच्या मॅनेजरला जवळच्या दवाखान्याचा पत्ता विचारा.